टाइलची पाठ

"इंग्रजी वाचता येतं का?" सांगलीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. भाडं, डिपॉझिट, लग्न झालंय का, मटण करता का, हे सगळं नंतर. मी साताऱ्याचा, पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक, नुकती बदली झालेली. मला वाटलं, मुलीला शिकवणी हवी असेल. मी हो म्हणालो. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक झेरॉक्स कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. टाइल चिकटवायच्या मालाची वर्गवारी कशी करायची, ते त्या कागदावर होतं. अर्थ मला ओ की ठो कळला नाही, पण उच्चार बरे असावेत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि खोलीची किल्ली दिली. अट एकच घातली, दर रविवारी सकाळी खाली येऊन असल्याच झेरॉक्सचं एक पान वाचून दाखवायचं. घरमालकांच्या अटी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण अशी अट पत्करलेला भाडेकरू मला अजून दुसरा भेटलेला नाही.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. तळमजल्यावर त्यांचं टाइल्सचं दुकान, मागे घर, वर मी. नव्वदीची अखेर होती. तोवर आमच्या भागात टाइल म्हटली की ती बसणार सिमेंटवरच. टाइल आदल्या दिवशी पाण्यात टाकायची, सकाळी निथळून घ्यायची, पाठीला सिमेंट थापायचं आणि भिंतीवर दाबायची. कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि मग सुटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशात कंपन्यांची तयार पोती बाजारात आली. पाण्यात कालवायचं, दातेरी थापीनं भिंतीला ओढायचं, टाइल लावायची, झालं. लोक त्याला गम म्हणायचे. काकांना त्या शब्दाचा राग होता. गम लिफाफ्याला लावतात, हे अ‍ॅडेसिव्ह आहे, असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं.

काकूंचा भाचा मस्कतला एका टाइलच्या कंपनीत होता. युरोपात तेव्हा या मालाची वर्गवारी पक्की होत होती. त्याचा कच्चा मसुदा त्यानं कुठून तरी मिळवला आणि काकांना आवडेल म्हणून झेरॉक्स काढून आणला. पुढे काय होणार हे कळलं असतं, तर त्यानं बदामच आणले असते, असं काकू म्हणायच्या.

त्या मसुद्यातलं जेवढं मला कळलं ते एवढंच. सिमेंटचा माल म्हणजे सी, डब्यातून तयार येतो तो डी, आणि दोन डब्यांतलं एकत्र करून होतो तो राळेचा माल म्हणजे आर. साधा असेल तर एक, सुधारलेला असेल तर दोन. चटकन वाळतो तो एफ. उभ्या भिंतीवर टाइल घसरू देत नाही तो टी. आणि ई म्हणजे ज्याचा ओपन टाइम जास्त तो. ओपन टाइम म्हणजे माल भिंतीला फासल्यावर टाइल लावायला जेवढी सवड मिळते तेवढी. सवड संपली की मालावर साय धरते आणि मग टाइल कितीही दाबा, धरत नाही. काकांनी हे सगळं टाइलपुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. त्यांनी वर्गवारी माणसांवर चालवली.

मी त्यांच्या हिशेबी सी वन. साधा, सिमेंटचा. शिदू गवंडी एफ, कारण तो लगेच तापायचा आणि लगेच घट्ट व्हायचा. साताऱ्याला काकूंचे भाऊ सरकारी ठेकेदार होते, त्यांना टी लावता येत नाही असं काकांचं स्पष्ट मत होतं. उभ्या भिंतीवर लावला की खाली घसरणारा माणूस, म्हणायचे. आणि सबंध जगात सी टू टी ई हा दर्जा त्यांनी एकाच व्यक्तीला दिला होता, तो काकूंना. सुधारलेल्या, न घसरणाऱ्या आणि ओपन टाइम भरपूर असलेल्या. हे ते पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगायचे. काकू तेव्हा आतून म्हणायच्या, "मला ग्रेड नको. मला टाइला लावा."

कारण खरी गोष्ट ही होती की सांगलीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांना ज्यांच्या दुकानातल्या टाइल्स, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे नुसता गिलावा होता. फोडणीच्या तेलानं आणि हळदीनं त्याचा रंग सांगता येत नव्हता. काकू त्यावर जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवायच्या, ती तेलकट झाली की काढायच्या आणि नवी लावायच्या. टाइल्स त्यांनी कधीच्या निवडून ठेवल्या होत्या. फिकट पिवळ्या, कोपऱ्यात एक निळं फूल. खोकी पलंगाखाली होती. दर दिवाळीला त्या खोकी बाहेर ओढायच्या, पुसायच्या आणि परत आत सरकवायच्या. काका म्हणायचे, माल पास झाला की लगेच लावू.

माल पास करणं म्हणजे काय ते सांगतो. मसुद्यात प्रत्येक मालाच्या परीक्षा दिल्या होत्या. पाण्यात बुडवून ठेवा, उष्णता द्या, गोठवा, मग ओढून बघा किती ताकदीला सुटतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. काकांकडे गल्ली होती. पाण्याची परीक्षा काकूंच्या घंगाळात चालायची. उष्णतेसाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला गाठलं. त्याच्या भट्टीच्या माथ्यावर टाइल्सच्या चळती राहू लागल्या आणि काही दिवसांनी गल्लीतले लोक खारी कचकचते म्हणून तक्रार करू लागले. गोठवण्यासाठी बर्फाच्या गोळ्यांचा कारखाना होता. मी एकदा भीत भीत म्हणालो, काका, सांगलीत पाणी कधी गोठत नाही, ही एक परीक्षा सोडली तर चालेल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सांगलीचा भरवसा देतोस तू?" म्हणाले. मी कशाला देतोय.

ओढून बघायची परीक्षा मात्र पाहण्यासारखी असायची. गोदामाच्या स्लॅबला खालून टाइल चिकटवायची, टाइलला लोखंडी हूक, आणि हुकाला शिदू गवंडी. शिदू पलूसकडचा. तरुणपणी कुस्त्या केलेला, अंगानं अजून भरलेला. मसुद्यात ताकदीचा आकडा होता, पण तो आकडा मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून काकांनी शिदू हेच माप ठरवलं. शिदू लोंबकळला आणि टाइल राहिली तर माल पहिल्या पायरीला. शिदूनं झोके घेतले आणि राहिली तर दुसऱ्या. त्यात शिदूचं वजन कायम राहावं म्हणून काका त्याच्या खाण्यावर लक्ष ठेवायचे. घरात बारसं झालं आणि तो जास्त जेवला तर त्या आठवड्याच्या परीक्षा रद्द.

एकदा शिदू झोक्यासकट खाली आला. मी धावलो. काकाही धावले, पण टाइलकडे. त्यांनी ती उचलून उलटी केली आणि डोळ्याजवळ नेली.

"आवं मालक," शिदू जमिनीवरून म्हणाला, "माजं कंबरडं बगा की आदी."

"थांब रे," काका म्हणाले. "आधी टाइलची पाठ बघू दे. पडली कशी ते पाठीवर कळतं."

त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं. सगळा माल टाइलच्या पाठीवर आला असेल, तर भिंत कच्ची होती. अर्धा इकडे अर्धा तिकडे असेल, तर मालच मधून फाटला. आणि पाठ स्वच्छ असेल, मालाचा डाग नाही, सगळी दातेरी रेघ भिंतीवर तशीच, तर टाइल लागलीच नव्हती. लावताना टाइलमध्ये आणि मालामध्ये काहीतरी होतं. धूळ, साय, नाहीतर पाणी. तोवर शिदू स्वतःच उठून बसला होता आणि कंबर चोळत ऐकत होता.

कुठंही गेले तरी काका खिशातून रुपया काढून टाइल वाजवायचे. पोकळ वाजली की चेहरा पडायचा. डॉक्टर छाती तपासत असताना त्यांनी डॉक्टरांची भिंत तपासली होती. औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो, तर उतरलो होतो त्या घरी ते जेवायला बसेनात. पाटाच्या मागची ओळ पोकळ आहे म्हणाले, आणि पाट उचलून दुसऱ्या भिंतीला जाऊन बसले.

माझ्या लग्नाचंही सांगायला हवं. इस्लामपुरात मुलगी बघायला जायचं होतं, वडील आजारी, म्हणून वडीलधारे म्हणून काका आले. मुलीचे वडील उसाचे बागायतदार, आधी फौजेत होते. त्यांनी मुलाचं कसं काय विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, मुलगा सी वन आहे, फार ताण देऊ नका, पण धरून राहील. मुलीच्या वडिलांनी थोडा विचार केला आणि विचारलं, ह्याच्या वरचा कंचा असतो? काका म्हणाले, सी टू. "मंग त्यो दावा की," ते म्हणाले. "आमी काय गरिबागत मागतोय व्हय?" एवढं होऊनही लग्न झालं. माझ्याशी भांडण झालं की बायको अजून सी टूचा पत्ता विचारते.

तर असं चाललेलं असताना काकूंच्या लेकीचं डोहाळजेवण ठरलं. लेक साताऱ्याला दिलेली. सासरची माणसं येणार, काकूंचे ठेकेदार भाऊ येणार, बहिणी येणार. काकूंनी एरवी कशाचा आग्रह धरल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या लेकीच्या सासूला मी ही भिंत दाखवणार नाही. काका म्हणाले, एका मालाची गोठवण चाललीय, तेवढी होऊ दे.

"सातवा महिना काही तुमच्या ग्रेडसाठी थांबायचा नाही," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी पलंगाखालची खोकी अंगणात आणून ठेवली.

नशीब असं की त्याच सुमाराला एक माल पास झाला. घंगाळातून, भट्टीवरून, बर्फातून निघाला आणि शिदूनं हवे तेवढे झोके घेऊनही सुटला नाही. सी टू टी ई. काकांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, लेकीला मुलगा झाला, आणि लोक महिने मोजायला लागले.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी भिंत करायची ठरली. भिंत टाचे मारून खडबडीत केलेली, धुऊन, वाळवून ठेवलेली. काकांनी शिदूला दम भरला होता की हा नवा माल आहे, टाइल भिजवायची नाही, कोरडी लावायची. शिदूला ते पटत नव्हतं. "मंग ती पानी कुटनं पिनार?" म्हणाला. माज्या बानं भिजवली, आमी भिजवतोय. काका म्हणाले, ह्या मालात पाणी धरून ठेवायची सोय आहे, ओल्या टाइलच्या पाठीवर तो बसत नाही, भिजवलीस तर हूक आहे आणि तू आहेस. शिदूनं कंबर चाचपली. हे सगळं बोलणं दुकानात झालं. घरात कुणाला सांगायचं सुचलं नाही. टाइल कशी लावतात हे घरातल्या बाईला सांगावं लागेल, असं काकांच्या मनातही आलं नसणार.

त्या सकाळी काका मोजून पाणी घालत होते, परत परत माप डोळ्यासमोर धरत होते. मला घड्याळ देऊन दारात उभं केलं होतं आणि ओपन टाइम किती उरला ते ओरडायला सांगितलं होतं. मी ओरडत होतो. शिदू माल ओढत होता आणि हात मागे करत होता. काकू ओट्याशेजारी टाइल्सची चळत घेऊन बसल्या होत्या, एकेक टाइल पदरानं पुसून शिदूच्या हातात देत होत्या. एवढी खुश बाई मी क्वचित पाहिली आहे. शिदूच्या हाताला टाइल गार लागली असेल, पण जन्मभर त्याच्या हाताला गारच टाइल लागत आलेली. दुपारपर्यंत भिंत पिवळी झाली. निळी फुलं एका ओळीत आली. काकू लांब जाऊन बघत होत्या, जवळ येऊन बघत होत्या. काकांनी रुपया काढला, पण काकूंकडे बघून परत खिशात ठेवला. माल ओला आहे, आज वाजवायचा नसतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. लेक हिरव्या साडीत फुलांच्या वाडीखाली बसली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर मोठ्या पातेल्यात कढी उकळत होती, वाफ वर चढत होती. लेकीची सासू आत आली, भिंतीकडे बघून म्हणाली, किती छान केलंय. काकूंनी मान खाली घातली. नेमकी तेव्हाच मधल्या ओळीतली एक टाइल भिंतीवरून निघाली, सावकाश खाली घसरली आणि कढीत पडली. मग तिच्या वरची. मग शेजारच्या दोन. बाकीच्यांनी फार वेळ लावला नाही. आम्ही सगळे दारात उभे होतो आणि निळी फुलं एकापाठोपाठ एक ओट्यावर आपटत होती. थांबलं तेव्हा भिंतीवर दातेरी रेघांचा करडा माल तेवढा राहिला होता, नांगरल्यासारखा.

काकूंचे भाऊ पुढे आले. या दिवसाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल कोण जाणे. भाओजी, ग्रेड कुठला म्हणायचा हा, असं त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शिदू हात जोडून म्हणत होता की मी सांगितल्यापरमानंच लावल्या.

काकांनी ओट्यावरची एक टाइल उचलली आणि उलटी केली. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिली. पाठ स्वच्छ होती. मालाचा एक ठिपका नाही. त्यांनी दुसरी उचलली, तीही तशीच. मग त्यांनी खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. तिथं कपडे धुवायच्या हौदाशी रिकामी खोकी पडली होती आणि त्यांचे पुठ्ठे ओले होऊन फुगले होते. काकूंनीही तिकडेच पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अहो," काकू म्हणाल्या, "परवा संध्याकाळी मी त्या टाइला..."

"माझ्या हातून पाणी जास्त पडलं," काका मोठ्यानं म्हणाले.

शिदूनं तोंड उघडलं, मालक, तुमी तर माप लावून, एवढं म्हणाला आणि काकांनी त्याला हातानंच थांबवलं. मग ते लेकीच्या सासूकडे वळून म्हणाले की चूक माझी आहे, कालवताना पाण्याचा अंदाज चुकला, भिंत पुन्हा करून देईन, आता कढी दुसरी करा आणि पोरीची ओटी भरा. एवढं बोलून त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि मेव्हण्यांना हाताला धरून पंगतीला घेऊन गेले. शिदूच्या वजनात पावभर फरक पडला तर परीक्षा रद्द करणारा हा माणूस. त्याला खोटा निकाल देताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

त्याची किंमत त्यांनी पुरती मोजली. साताऱ्यापर्यंत गोष्ट गेली. ठेकेदार मेव्हण्यांनी ती प्रत्येक लग्नात सांगितली. गवंडी दुकानासमोरून जाताना म्हणायचे, मालक, पानी बगून. काका हसून हात वर करायचे. ज्या माणसाला गम म्हटलेलं खपत नव्हतं, तो हे खपवून घेत होता. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. एका रविवारी वाचता वाचता न राहवून मी म्हणालो, काका, पाणी तर तुम्ही बरोबर घातलं होतंत.

"पाणी जास्तच होतं," ते म्हणाले. "कुणाचं ते मसुद्यात विचारलेलं नाही. पुढं वाच."

भिंत त्यांनी शिदूकडून परत करून घेतली, त्याच मालानं. या वेळी टाइल्स दुकानात ठेवल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती. पुढे माझी बदली झाली. काका गेल्याचं मला उशिरा कळलं. सांगलीला गेलो, तेव्हा काकूंना भेटायला गेलो. काकू बऱ्याच थकल्या होत्या, पण चहा त्यांनीच केला. भिंत तशीच होती, पिवळी, निळ्या फुलांची, एकही टाइल हललेली नव्हती. मी नकळत खिशातून रुपया काढला आणि वाजवून पाहिला. काकू हसल्या.

चहाचं पातेलं त्यांनी एका सुट्या टाइलवर ठेवलं. टाइल पालथी होती. पाठ स्वच्छ होती. माझं लक्ष गेलं तसं त्या म्हणाल्या, तीच आहे, कढीतली.



"मी सांगायला जायची रे," त्या म्हणाल्या. "कितीदा गेले. रात्री पाय चेपताना, कधी दुकानात कुणी नसताना. 'अहो, त्या दिवशी' एवढं म्हटलं, की म्हणायचे, 'ओपन टाइम संपला त्याचा. आता जे चिकटलंय, ते चिकटलंय.'"